त्याग आणि बळी

‘त्याग’ आणि ‘बळी’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण सोबतची क्रियापदं पाहिली की फरक लगेच कळतो. त्याग आपण स्वतः करतो; बळी दिला जातो किंवा घेतला जातो. ज्याचा बळी जातो त्याला कोणी विचारत नाही.

हा फरक समजायला बुऱ्हाणपूरहून फार लांब जायला नको. आपल्याच मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया काम करत होत्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. गरीब शेतमजूर सावकारांच्या तावडीतून सुटावेत म्हणून त्यांनी लोकांना एकत्र आणलं. ज्यांचं त्यामुळे नुकसान होत होतं त्यांना हे खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना बसमधून प्रवासातच चाकूचे वार करून त्यांचा खून झाला. तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या.

त्या दिवशी त्यांचा बळी घेतला गेला. त्याग मात्र कितीतरी आधीपासून चालू होता: घर, भाषा, ओळखीची माणसं सोडून इथल्या वस्त्यांमध्ये रोज जाण्यात.

पुढची गोष्ट मला त्याहून अवघड वाटते. २००२ मध्ये त्यांची बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधून तिने त्याला भाऊ मानलं. राग धरण्याचा तिला पूर्ण हक्क होता. तोच तिने सोडला, आणि तोही कुणाच्या जबरदस्तीने नव्हे. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं, तेव्हा तो माणूसही तिथे हजर होता.

आता आपल्या घरांकडे बघूया. मुलाच्या फीसाठी मुलीचं कॉलेज थांबतं आणि पाहुण्यांसमोर कौतुक होतं, ‘आमच्या पोरीने केवढा त्याग केला!’ पण तिला विचारलं होतं का? नसेल, तर तो बळी आहे. गोड शब्दांनी तो त्याग होत नाही. शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दोन नाणी टाकली ती स्वतःची होती, स्वतःच्या हाताने टाकलेली. म्हणूनच त्या दानाला मोल आलं.

उपवासकाळात आपण मटण सोडतो, मोबाईल कमी करतो. चांगलंच आहे. पण आपल्या उपवासासाठी आई रोज वेगळा स्वयंपाक करत असेल, तर तो त्याग आपल्या नाही, तिच्या नावावर लिहायला हवा.