घटक ५ : नाट्यप्रयोगातील ध्वनिसंकेत आणि संगणकाचा कळफलक

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
१. कळफलकावरून ध्वनी वाजवण्याच्या दोन पद्धतींतील फरक स्पष्ट करता येईल.
२. संहितेतील ध्वनिसूचना वाचून योग्य पद्धतीची निवड करता येईल.

५.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, ‘फोन वाजतो’ ही रंगसूचना वाचताना आपण सहज पुढे जातो. प्रयोगात मात्र ती कोणीतरी नेमक्या क्षणी अमलात आणावी लागते. पात्राने रिसीव्हर उचलल्यावरही घंटा वाजत राहिली, तर प्रेक्षक हसतात आणि गंभीर प्रसंगाचा रसभंग होतो. कॅसेटच्या काळात ध्वनीची जागा फीत मागेपुढे करून आधीच शोधून ठेवावी लागे. आज हे काम संगणकाच्या एका कळीवर होते.

५.२ दोन पद्धती
पहिल्या पद्धतीत प्रत्येक कळीला एक ध्वनी जोडलेला असतो. ‘साउंडप्लांट’ हे सॉफ्टवेअर या प्रकारचे आहे. येथे ध्वनी कोणत्याही क्रमाने किंवा एकावर एक वाजवता येतात. म्हणून उत्स्फूर्त सादरीकरणाला ही पद्धत सोयीची ठरते.

दुसऱ्या पद्धतीत सर्व संकेत प्रयोगाच्या क्रमाने यादीत मांडतात. मॅक संगणकावर चालणाऱ्या ‘क्यूलॅब’मध्ये स्पेसबार दाबला की यादीतील पुढचा संकेत सुरू होतो. पाऊस हळूहळू ओसरणे हाही येथे स्वतंत्र संकेत असतो. बांधीव संहितेच्या नाटकाला ही पद्धत अनुकूल आहे. कारण कोणती कळ दाबायची हे आठवावे लागत नाही, केवळ केव्हा दाबायची याकडे लक्ष राहते.

आता फोनचे उदाहरण पुन्हा पाहा. संहितेत सूचना एकच आहे. यादीत मात्र दोन संकेत लागतात : घंटा सुरू होणे आणि थांबणे. दुसरा संकेत नाटककाराने लिहिलेला नसतो. तो नटाच्या हाताच्या हालचालीवरून वाचावा लागतो.

५.३ विलंब टाळणे
कळ दाबणे आणि ध्वनी ऐकू येणे यांत अंतर पडू नये. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी.
१. एमपीथ्री फाइलच्या आरंभी अल्पशी शांतता शिरू शकते. म्हणून छोट्या ध्वनींसाठी वेव्ह फाइल वापरावी.
२. ब्लूटूथ स्पीकरमुळे ध्वनी उशिरा पोहोचतो; तारेची जोडणी करावी.
३. प्रयोगापूर्वी संगणकाच्या सूचनांचे आवाज बंद करावेत.

५.४ सारांश
सॉफ्टवेअर ध्वनी तत्काळ वाजवते. परंतु तो केव्हा वाजावा, हे संहिता आणि अभिनय यांच्या आकलनावरच ठरते. त्या अर्थाने ध्वनिसंकेत देणे हेही नाटकाचे वाचनच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. कळफलकावरून ध्वनी वाजवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करा.
२. आपल्या अभ्यासक्रमातील नाटकाचा एक प्रवेश निवडून त्याची संकेतयादी तयार करा. संहितेत न लिहिलेले संकेत वेगळे दाखवा.