सुट्या धान्याचे पात्र

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ साली येथे मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ मोठे अन्नछत्र बांधविले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे आश्रय व अन्न मिळत असे. अन्नछत्र म्हटले की धान्याचा साठा आला आणि साठा म्हटला की तो राखणारे पात्र आले. १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाले व कल्लणैच्या नव्या कालव्याचे पाणी या भागास मिळू लागले. तेव्हापासून ओरत्तनाडु व आसपासच्या गावांत भाताची लागवड वाढली. सुटे पदार्थ कसे साठवावेत व कसे वाहून न्यावेत, हे समजून घेण्यास भातासारखे दुसरे उदाहरण नाही.

सुट्या पदार्थाचा स्वभाव

धान्य ओतले असता ते पाण्यासारखे वाहते. परंतु जमिनीवर पडताच त्याची रास होते. दाण्यादाण्यांतील घर्षणामुळे राशीची बाजू एका ठराविक कोनात स्थिर राहते. कोरड्या भाताच्या बाबतीत हा कोन सुमारे ३५ ते ४० अंशांचा असतो, आणि धान्य ओले असेल तर तो वाढतो. म्हणून कोठाराचा तळ नरसाळ्यासारखा उतरता व पुरेसा उभा ठेवावा लागतो. तसे न केल्यास खालचे दार उघडूनही धान्य आतच अडकते. कधीकधी दारावर दाण्यांची कमान बनते आणि तिच्याखाली पोकळी राहते. अशा वेळी धान्यावर उभे राहून ते मोकळे करू पाहणारा मनुष्य कमान कोसळताच आत ओढला जाण्याचा धोका असतो.

पाण्याच्या टाकीत खोलीबरोबर तळावरील दाब वाढत जातो. उंच व अरुंद कोठारात मात्र तसे घडत नाही. धान्याच्या वजनाचा मोठा भाग घर्षणाच्या द्वारे भिंती उचलतात आणि काही खोलीनंतर तळावरील दाब जवळजवळ वाढेनासा होतो. याचे गणित यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली मांडले. यातून निघणारा व्यावहारिक बोध असा की, कोठाराची भिंत ही केवळ कुंपण नसून भार वाहणारा खांबही आहे.

जुनी पात्रे

तमिळ प्रदेशातील शेतकरी घरी भात ठेवण्यासाठी मातीची कडी एकावर एक रचून केलेले ‘कुदिर’ वापरीत. मोठ्या घरांत लाकडी फळ्यांचे ‘पत्तायम’ असे. बियाणे गवताच्या पेंढ्यात घट्ट बांधून ठेवीत. देवस्थानांची कोठारे याहून मोठी असत. पापनाशमजवळील तिरुप्पालैत्तुरै येथील मंदिराचे गोल विटांचे कोठार नायक राजांच्या काळातील, म्हणजे सतराव्या शतकातील आहे. तीन हजार कलम भात त्यात मावे असे सांगतात; ‘कलम’ हे तेथील धान्याचे जुने माप होय.

महाराष्ट्रातील कणगी, बळद व पेव ही याच कुळातील होत. तथापि सोलापूरकडील ज्वारीचे पेव कावेरीच्या सखल मुलखात चालणार नाही. कारण तेथे भूजल वर असते व जमिनीत खणलेल्या खड्ड्यात ओल झिरपते. देशावरील कोरड्या मुरमात मात्र पेव उत्तम राहते. तोंड बंद झाल्यावर धान्य व किडे आतला प्राणवायू संपवितात, कर्बद्विप्राणिद वायू साचतो आणि किडे मरतात. हाच वायू माणसासही घातक आहे. पेव उघडल्यावर बराच वेळ वारा खेळू द्यावा, दिवा सोडून पाहावा व तो विझल्यास आत मुळीच उतरू नये, हा जुना नियम शास्त्रास धरूनच आहे.

ओल : खरा शत्रू

साठविलेले धान्य जिवंत असते. ते श्वसन करते. ओल वाढली की श्वसन वाढते, उष्णता निर्माण होते आणि बुरशी धरते. भात साठविताना ओलीचे प्रमाण शेकडा १४ किंवा त्याहून कमी असावे. आता कावेरीच्या खोऱ्यातील अडचण पाहा. कुरुवै हंगामाची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि ईशान्य मोसमी पावसाचा प्रारंभही त्याच सुमारास होतो. शासकीय खरेदी केंद्रांवर ओलीची मर्यादा सामान्यतः शेकडा १७ असते. पाऊस लांबला की शेतकरी ही मर्यादा शिथिल करण्याची मागणी करतात आणि केंद्र सरकारने ती वेळोवेळी काही अंशी मान्यही केली आहे.

या मागणीमागे साधा हिशेब आहे. ४० किलोग्रॅमच्या पोत्यात शेकडा २२ ओल असेल, तर त्यात ८.८ किलोग्रॅम पाणी व ३१.२ किलोग्रॅम कोरडा अंश असतो. तेच धान्य शेकडा १४ ओलीपर्यंत वाळविले, तर पोत्याचे वजन सुमारे ३६.३ किलोग्रॅम भरते. म्हणजे पावणेचार किलोग्रॅम वजन केवळ पाणी म्हणून उडून जाते. ओले धान्य घेतले तर हा तुटीचा भार खरेदीदारावर पडतो. ते नाकारले तर रस्त्याच्या कडेला भात पसरून आकाशाकडे पाहत बसण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.

पोते, कोठार आणि त्यांची मर्यादा

तागाचे पोते उचलण्यास सोपे असते आणि त्यातून हवा खेळते. पण तेच पोते पावसाचे पाणीही शोषते व किड्यांना वाट देते. म्हणून पोत्यांच्या थप्प्या जमिनीपासून उंच अशा लाकडी चौकटींवर रचतात. धातूच्या उंच कोठारात उंदीर व पाऊस यांपासून संरक्षण मिळते. परंतु रात्री पत्रा थंड होतो, आतली उबदार दमट हवा वर चढते आणि छताखाली तिचे पाणी होऊन वरचा थर कुजतो. यासाठी तळातून पंख्याने हवा खेळवावी लागते.

तात्पर्य, कुदिर असो की पोलादी कोठार, पात्र धान्याला राखते. ते त्याला वाळवीत नाही. ओरत्तनाडूसारख्या गावी नव्या कोठाराचा विचार करताना त्याच्या दाराशी वाळवणीचे यंत्र व पावसात झाकलेले खळे हवेच. त्यांच्याअभावी कोठार जितके मोठे, तितकी त्यात सडणारी रासही मोठी होईल.