गोलरक्षकाची स्टिक

(हॉकी आपण मैदानावर पाहतो. थंड देशांत ती बर्फावरही खेळतात. या खेळात गोलरक्षकाची स्टिक वेगळी का असते आणि ती विकत घेताना काय पाहावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कॅनडा हा थंड हवेचा देश आहे. तेथे हिवाळ्यात तलाव गोठतात. मुले पायांत स्केट्स घालून त्या बर्फावर हॉकी खेळतात. या खेळाला आईस हॉकी म्हणतात. ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात छपराखालच्या बर्फावर या खेळाचा पहिला संघटित सामना झाला. आपल्या देशात लडाखमध्येही हा खेळ खेळतात.

या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची एक काळी चकती असते. तिला 'पक' म्हणतात. पक एक इंच जाड असते. तिचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. ती बर्फावरून फार वेगाने घसरत येते. गोलचे जाळे ६ फूट रुंद व ४ फूट उंच असते. त्याच्यापुढे गोलरक्षक एकटा उभा असतो. त्याच्या एका हातात पक झेलण्याचा मोठा हातमोजा असतो आणि दुसऱ्या हातात स्टिक असते.

या स्टिकचे तीन भाग असतात. वरचा भाग म्हणजे बारीक दांडा. मधला भाग फळीसारखा रुंद असतो. त्याला 'पॅडल' म्हणतात. बर्फावर टेकणारा खालचा भाग म्हणजे पाते. इतर खेळाडू स्टिकने पक मारतात. गोलरक्षक मुख्यतः पक अडवतो. म्हणूनच त्याच्या स्टिकचे पाते व पॅडल रुंद असतात. मात्र ते हवे तेवढे रुंद करता येत नाहीत. नॅशनल हॉकी लीगच्या नियमाप्रमाणे पाते साडेतीन इंचांपेक्षा रुंद नसावे. फक्त टाचेजवळ साडेचार इंच चालतात.

स्टिक घेताना पहिल्यांदा पॅडलची लांबी पाहावी. गोलरक्षक पॅडलच्या अगदी वर दांडा धरतो. म्हणून शक्य असेल तर स्केट्स घालावेत, खेळताना उभे राहतो तसे गुडघे वाकवून उभे राहावे आणि पाते जमिनीवर टेकवावे. पाते पूर्ण सपाट टेकले आणि हात सहज राहिला, तर माप बरोबर आहे असे समजावे. पॅडल लांब असेल तर कोपर वर उचलले जाते आणि काखेखाली फट पडते. पॅडल आखूड असेल तर खेळाडूला फार वाकावे लागते. मग वरून येणारी पक अडवणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे कोन. दांडा आणि पाते यांच्यामधील कोन स्टिकवर अंकाने दाखवतात. अंक जितका मोठा, तितका दांडा अधिक उभा. कोन चुकला की पात्याची टाच किंवा टोक वर उचलले जाते. दोन पायांमधली फट अडवणे हे पात्याचे मुख्य काम. पाते इंचापेक्षा थोडे जास्त उचलले गेले, तरी पक खालून सरळ जाळ्यात जाते!

तिसरी गोष्ट म्हणजे हात. बहुतेक गोलरक्षक उजव्या हातात स्टिक धरतात, काही डाव्या हातात. पाते एका बाजूला वळलेले असल्यामुळे आपला हात दुकानदाराला सांगावा. पात्याला बाक असला की पक उचलून लांब फेकता येते. ८ डिसेंबर १९८७ रोजी फिलाडेल्फिया संघाचा गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल याने पक लांब फेकून समोरच्या रिकाम्या जाळ्यात गोल केला होता! पण नवशिक्याला कमी बाकाचे पातेच बरे.

शेवटी किंमत. लाकडी स्टिक जड पण स्वस्त असते. कार्बनच्या धाग्यांची स्टिक हलकी पण महाग असते. काही पालक महाग स्टिक घेतात आणि तीही वाढत्या अंगाच्या कपड्यांसारखी मोठी घेतात. मग ती मुलाच्या हातात नीट बसत नाही. पक पात्याखालून निघून जाते आणि दोष मात्र मुलाला मिळतो. त्यापेक्षा मापाची साधी स्टिक चांगली. वस्तू किमतीने नव्हे, उपयोगाने पारखावी.

शब्दार्थ
गोठणे – थंडीने पाण्याचा बर्फ होणे
फट – दोन वस्तूंमधील अरुंद मोकळी जागा
बाक – वळण, वाकलेपणा
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
पारखणे – गुणदोष पाहून निवडणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पक कशाची बनवलेली असते?
(आ) गोलरक्षकाच्या स्टिकचे तीन भाग कोणते?
प्र. २. कारणे द्या.
(अ) गोलरक्षकाचे पाते रुंद असते.
(आ) फार लांब पॅडलची स्टिक घेऊ नये.
प्र. ३. 'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी, तर मराठीत नपुंसकलिंगी आहे : ते दुकान. याप्रमाणे 'वजन', 'किंमत' आणि 'नजर' या शब्दांचे मराठीतील लिंग ओळखा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
प्र. ४. तुम्ही मापाला महत्त्व देऊन घेतलेल्या एखाद्या वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.