आठ वेळा का?

लातूर

चि. बाळू यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल एसटी स्टँडवर तुझ्या रूम पार्टनरचे वडील भेटले. त्यांच्याकडून कळलं, की ऑपरेटिंग सिस्टीमच्या तोंडी परीक्षेत तुला विचारलं, ‘तीनदा फोर्क करून नमस्कार छापला तर तो आठ वेळा का उमटतो?’ आणि तू गप्प उभा राहिलास. जर्नलमध्ये मात्र आठ हाच आकडा होता म्हणे, दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलेला.

ताईला सांगितलेलं नाही. सोयाबीनची पट्टी आली तशी दाजींनी तुझ्या लॅपटॉपला लावली, ते तुला ठाऊक आहे.

अरे, फोर्कनं जन्मलेली प्रोसेसही पुढची ओळ तिथूनच चालवते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. एवढंच तर होतं! हे चालवून बघ. मग जन्मलेल्या पोर-प्रोसेसला लगेच संपू दे, बाप-प्रोसेसला झोपव आणि वेट लिहू नकोस. दुसऱ्या टर्मिनलवर ‘पीएस एयूएक्स’ मार. पोरासमोर झेड दिसेल. काम संपलंय, पण बापानं विचारपूस केली नाही म्हणून नोंद तशीच अडकलीय. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की झोंबी प्रोसेसची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

लातूर पॅटर्ननं तुला पेपर सोडवायला शिकवलं, त्याचे उपकारच आहेत. पण इथं पेपर पुरत नाही. उतरवायचंच तर जॉन लायन्सचं उतरव. ऑस्ट्रेलियातल्या या प्राध्यापकानं १९७७ साली युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, दहा हजारांच्या आतल्या ओळी, विद्यार्थ्यांना उलगडून दिला. त्याच्या झेरॉक्स पोरांनी वर्षानुवर्षं हातोहात फिरवल्या आणि ओळ न् ओळ वाचली. त्याच वळणाची एमआयटीची एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आज फुकट मिळते.

आमच्या वेळी एका मशीनवर चौघं असायचो. कीबोर्ड एकाच्याच हाती, मी मागं उभा. पुढं सरकायला हवं होतं रे. ती रुखरुख अजून जात नाही. तुझ्याकडे तर स्वतःचं मशीन आहे, आणि तू जर्नल उतरवतोस?

असो, फार बोललो. इंग्रजीत शब्द सुचले नसतील तर मराठीत सांगायचं होतंस लेकरा. नापास झालास तरी या घरात तुला कुणी टाकून बोलणार नाही.

शनिवारी नांदेडहून दुपारच्या गाडीनं निघ. मामी धपाटे करणार आहे. जर्नल राहू दे, लॅपटॉप आण. मी शेजारी बसतो, तू मला पेज फॉल्ट समजावून सांग.

तुझा,
मामा