ओळंब्याने शिका गतीचे नियम

तास संपल्याची घंटा होते आणि त्याबरोबर न्यूटनचा पहिला नियमही संपतो. तो कोणाला कळला, कोणाला नाही, हे घंटेला ठाऊक नसते. दुसऱ्या दिवशी दुसरा नियम सुरू होतो. ज्याचे पहिल्यात काही राहून गेले, त्याला पुढचे सारे पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

फ्रेड केलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आखलेली एक पद्धत १९६४ साली ब्राझीलमधील ब्राझिलिया विद्यापीठात सुरू झाली. तीत अभ्यासक्रमाचे लहान लहान भाग पाडलेले असत. प्रत्येकाने आपापल्या गतीने शिकावे आणि भाग झाला की छोटी परीक्षा द्यावी. चुकल्यास शिक्षा नाही. पण तो भाग पक्का झाल्याशिवाय पुढचा हाती पडायचा नाही. घरी असा अभ्यास करायचा तर परीक्षक हवा. भौतिकशास्त्रात तो फुकट मिळतो. आधी उत्तर वहीत लिहा, मग प्रयोग करा.

एक भाग करून पाहू. ५० सें.मी. दोऱ्याला एक जड नट बांधा. हा झाला गवंड्याचा ओळंबा. कासारवाडी स्टेशनवर लोकलमध्ये बसा आणि तो सामानाच्या फळीला टांगा. (दारात उभे राहून प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच.) गाडी सुटताना, एकसारख्या वेगाने धावताना आणि ब्रेक लागताना नट कोठे असेल, हे त्याआधीच वहीत लिहून ठेवा.

भरवेगात नट मागे राहील, असे पुष्कळजण लिहितात. प्रत्यक्षात एकसारख्या वेगात तो सरळ खाली लोंबतो, जणू गाडी उभीच आहे. सुटताना मात्र नटालाही वेग मिळायला हवा. तो देणार दोराच, आणि नटाला पुढे ओढायचे तर दोऱ्याला तिरपे व्हावेच लागते. म्हणून नट मागे जातो, ब्रेक लागताना पुढे. वळणावर तो बाजूला सरकेल; ते सध्या राहू द्या.

आता आकडे. नट थोडा झुलेलच, म्हणून त्याची सरासरी जागा पाहा. तो २.५ सें.मी. मागे गेला, तर त्वरण ९.८ × २.५ ÷ ५०, म्हणजे सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ते तसेच टिकले तर २० सेकंदांत वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर होईल. वेग पडताळायचा तर रुळांकडेच्या विजेच्या खांबांवरचे आकडे वाचा. वरचा आकडा किलोमीटरचा असतो. तो एकदा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत ६० सेकंद लागले, तर सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर. खांब मोजून अंतर काढू नका. दोन खांबांतील अंतर सगळीकडे सारखे नसते.

यात एक दिवस जावो की पंधरवडा. पुढील प्रश्नाचे उत्तर पुस्तक मिटून लिहिता आले, की दुसरा नियम उघडा: स्टेशन सोडल्यावर गाडीचा वेग वाढतच असतो, तरी मागे गेलेला नट हळूहळू मधल्या जागेकडे परत येऊ लागतो. असे का?