खेळपेटी : मोजमापाचा एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवी)



आज खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती मोबाईलवरील खेळ आले आहेत. त्याबद्दल नुसती तक्रार करून भागावयाचे नाही. खेळ ज्या पेटीत चालावयाचा ती पेटीच मुलांनी मोजून, आखून उभी केली, तर तोच खेळ गणिताचा व हस्तव्यवसायाचा विषय होतो. हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार आपल्या शेजारी वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, अशी शिफारस आहे.

हेतू : जाडी धरून आतील व बाहेरील माप काढता येणे.

साहित्य : १२ मि.मी. जाडीचे प्लायवूड, जुना संगणकाचा पडदा, रास्पबेरी पाय हा लहान संगणक, बटणे, जॉयस्टिक, स्क्रू, गुण्या, जिगसॉ नावाची विजेवरची करवत, ड्रिल मशीन, काचकागद.

मापे : प्रथम पडदा प्रत्यक्ष मोजावा. आमचा पडदा ३७० मि.मी. रुंद होता. दोन्ही अंगांस ५ मि.मी. मोकळीक धरून आतील रुंदी ३८० झाली. दोन बाजूंची जाडी २४ मिळविता बाहेरील रुंदी ४०४ येते.

हे गणित सोपे दिसते. परंतु लोहारा येथील एका शाळेत पाठ घेताना मीच चुकलो. बाहेरील रुंदी ३९० धरून मी पुढची व मागची फळी कापविली. १२ वजा करून आत ३७८ उरतील, असा माझा हिशेब. पेटी जुळविली, तो आत ३६६ च राहिले व पडदा बसेना. तेव्हा सहावीतील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, बाजू तर दोन आहेत. तुम्ही एकच वजा केली." मी फळ्यावर माझेच गणित खोडून तिच्याकडून पुन्हा मांडून घेतले. त्या फळ्या वाया गेल्या नाहीत. ३८० ला कापून एकीचा तळ व दुसरीचा आतील कप्पा झाला.

कृती : आधी पुठ्ठ्याचा नमुना करावा. दोन्ही बाजू एकावर एक घट्ट आवळून एकदमच कापाव्यात, म्हणजे त्या सारख्या येतात. जिगसॉचे पाते वर येताना कापते, त्यामुळे वरच्या अंगास कपच्या निघतात. म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवावी. बटणाचे भोक प्रथम टाकाऊ तुकड्यावर पाडून पाहावे. स्क्रूपूर्वी बारीक भोक पाडल्यास फळी फाटत नाही. पाठीमागे हवेसाठी भोके ठेवावीत. शेवटी 'स्क्रॅच' मध्ये मुलांनीच पाढ्यांचा खेळ रचावा.

आतील जागेचे महत्त्व सांगताना ही गोष्ट उपयोगी पडेल. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'पाँग' या खेळाची नाण्यावर चालणारी पहिली पेटी सनीवेल येथील एका मद्यगृहात ठेवली. थोड्याच दिवसांत ती बंद पडली. उघडून पाहता, यंत्र ठीक होते. नाण्यांचे भांडे मात्र भरून वाहत होते.

दक्षता : चालू यंत्र मुलांच्या हाती कदापि देऊ नये. कापणे व भोके पाडणे सुताराने किंवा जाणत्या शिक्षकाने करावे. मुलांनी मोजावे, आखावे, घासावे, रंगवावे. यंत्राजवळ चष्मा व मुखपट्टी वापरावी, सैल बाह्या व ओढणी आवरावी. पाते बदलताना प्लग काढावा. पडद्याचे मूळ कवच उघडू नये. २३० व्होल्टचा प्रवाह जीवघेणा आहे.

स्वाध्याय :
१. हाच पडदा व तेवढीच मोकळीक ठेवून १८ मि.मी. प्लायवूड घेतले, तर बाहेरील रुंदी किती?
२. वर्गातील कपाट बाहेरून व आतून मोजा. फरकावरून फळीची जाडी काढा.
३. सरांची चूक कोठे झाली, ते आकृती काढून दाखवा.