लेकीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकण्याआधी

हिंजवडीतल्या आईबाबांनो, आज तुमच्याशी जरा मनातलं बोलायचं आहे. आयटी पार्कच्या फेज एकपासून फेज तीनपर्यंत, माण-मारुंजीच्या बाजूला राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचा रोजचा व्यवसायच मुळी दुसऱ्यांची माहिती सांभाळण्याचा आहे. परदेशी बँकेचं काम असेल तर ओडीसीत, म्हणजे त्या कामासाठीच्या बंदिस्त विभागात, शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, जागेवरून उठताना लॅपटॉप लॉक करायचा, ज्याचा कामाशी संबंध नाही त्याला फाइल दाखवायची नाही, हे तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे. लेकीच्या शरीराविषयीची माहिती घरात हाताळताना मात्र ही शिस्त आठवत नाही. ती आठवावी, एवढ्याचसाठी हे हितगुज.

नेहमीचा प्रसंग घ्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची पाळी दोन-तीन महिने येत नाही. डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, रिपोर्टवर ‘पीसीओडी’ लिहून येतं. आई घाबरते. मावशीचा कुणीतरी ओळखीचा डॉक्टर आहे म्हणून रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. हेतू मायेचाच असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो कागद आता वीस-पंचवीस फोनमध्ये आहे. काका, आतेभाऊ, चुलत वहिनी, सगळ्यांनी तो पाहिला. मुलगी गणपतीत गावी गेली की कुणीतरी सगळ्यांदेखत विचारतं, “काय गं, सुरळीत झालं का आता?” आणि पुढे स्थळं बघायची वेळ आली की कुणाला तरी तो रिपोर्ट आठवतो. औषधांनी, व्यायामानं तिची पाळी एव्हाना नियमित झालेली असते, पण त्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकलेला नसतो.

आपल्या आज्यांना हा खासगीपणा मिळालाच नव्हता. पाळीत आजी बाजूला बसली की अख्ख्या वाड्याला कळायचं, अगदी वाड्यातल्या लहान मुलांनाही. बाजूला बसणं मोडायला दोन पिढ्या लागल्या. त्यातून बायकांना जे मिळालं त्यात हेही होतं, की आपले ते चार दिवस कोणते हे आपण ठरवू त्यालाच कळेल. इतक्या कष्टानं मिळालेली गोष्ट आपण एका फॉरवर्डमध्ये घालवू नये.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. पाळीबद्दल बोलूच नका, लपवा, असं मी अजिबात म्हणत नाही. बोला, मोकळेपणानं बोला. बाबांनीही बोलावं. पॅड आणायला सांगताना मुलीला आवाज खाली करावा लागू नये. डॉक्टरांना तर सगळं खरं सांगावं, काहीही हातचं राखू नये. पण कुणाला सांगायचं हे तिनं ठरवायचं. लाज वाटते म्हणून गप्प राहणं वेगळं आणि माझी गोष्ट माझ्या हातात आहे म्हणून निवडून सांगणं वेगळं. पहिल्यानं मुलगी कोमेजते, दुसऱ्यानं ती ताठ उभी राहते.

आता तिच्या फोनकडे वळू. पाळीची तारीख सांगणारं ॲप अनेक मुलींकडे असतं. त्यात नुसती तारीख नसते. पोटदुखी, मनःस्थिती, गोळ्या, शरीरसंबंध, गर्भपात, सगळं नोंदवायला जागा असते. 2019 साली लंडनच्या ‘प्रायव्हसी इंटरनॅशनल’ या संस्थेनं अशी काही ॲप्स तपासली. त्यांत ‘माया’ हे भारतात तयार झालेलं ॲपही होतं. ते उघडताक्षणी, वापरणारीनं अटी मान्य करण्याआधीच, फेसबुकला खबर जात होती, असं त्यांना आढळलं. फेसबुकचं एसडीके, म्हणजे फेसबुकशी जोडणारा तयार कोड, त्यात बसवलेलं होतं. अहवालानंतर कंपनीनं ते काढलं. ‘फ्लो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपबद्दलही त्याच वर्षी असंच उघड झालं. 2021 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं त्या कंपनीला वापरणाऱ्यांच्या संमतीशिवाय आरोग्याची माहिती वाटण्यास मनाई केली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं त्याच ॲपच्या माहितीवरून झालेल्या दाव्यात फेसबुकच्या मेटा कंपनीलाही जबाबदार धरलं. एसडीके काय असतं हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मग मुलीच्या शेजारी बसून ॲपच्या परवानग्या तुम्हीच तपासा. पाळी मोजायला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात? खातं फेसबुकवरून उघडू नये, आणि ॲप नको असेल तेव्हा आधी त्यातली माहिती आणि खातं पुसावं, मगच ॲप काढावं. कपाटाच्या दाराआड पेन्सिलनं केलेली खूणही हेच काम करते.

शाळेचंही बोलायलाच हवं. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. मुलींना एकत्र करून कुणाची पाळी सुरू आहे असं विचारण्यात आलं आणि काहींचे कपडे उतरवून तपासणी झाली. पालक शाळेवर धडकले, मुख्याध्यापिकेला अटक झाली. ही बातमी वाचताना मला राग आवरेना. इतकं टोक सगळीकडे गाठलं जात नाही. पण शिबिराच्या, सहलीच्या फॉर्मवर ‘शेवटच्या पाळीची तारीख’ असा रकाना दिसला तर जरूर विचारा: हे कशासाठी हवं, कोण वाचणार, नंतर कागदाचं काय होणार? कारण योग्य असेल तर शाळा सांगेल. सगळ्याच कागदांना नाही म्हणायचं नसतं. शाळेबाहेरचं उदाहरण द्यायचं तर, गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरायचा ‘एफ फॉर्म’ गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी कायद्यानंच बंधनकारक केला आहे, तो भरलाच पाहिजे.

कायद्यातली एक गोष्ट प्रत्येक आईबापाला माहीत असावी असं मला फार वाटतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. वडिलांची नाही, नवऱ्याचीही नाही. तिचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरोधातल्या ‘पॉक्सो’ कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक असतं. नाव फुटेल या धास्तीनं घरं इथेच कचरतात आणि दुकानातून गुपचूप आणलेल्या गोळ्यांवर किंवा भोंदूवर भिस्त ठेवतात, कधी मुलीच्या जिवावर बेततं. म्हणून लक्षात ठेवा: 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. तेव्हा असा प्रसंग आलाच तर सरळ नोंदणीकृत डॉक्टरकडे जा आणि ही विनंती करा.

माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही आला आहे. अठराच्या आतल्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि त्यांचा माग काढून जाहिराती दाखवायला बंदी असेल, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळं, जास्तीचं कवच नाही. मला ही मोठी उणीव वाटते. तेव्हा राखण घरापासूनच करावी लागेल.

आणि ही राखण म्हणजे पाळत नव्हे. मोठी झालेली लेक तुमच्या मेडिक्लेमवर असेल तर तिच्या क्लेमचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर येतो. तो आला म्हणून जेवणाच्या ताटावर उलटतपासणी करू नका. तिचं ॲप उघडून तारखा बघू नका. तिला तुमची मदत हवी असेल तेव्हा ती तुमच्याकडे यावी, इतका विश्वास आधी कमवा. एकदा तिची गोष्ट तिला न विचारता बाहेर गेली की पुढची गंभीर गोष्ट ती तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. पुढचा रिपोर्ट हातात आला की कुणालाही पाठवण्याआधी लेकीला विचारा. ती नको म्हणाली, तर पाठवू नका.